तुम्ही विचारलंत म्हणून: आधी पाणी मागा

रविवारची उपासना संपून मंडळी चपला शोधत असताना कुणीतरी हमखास थांबून विचारतं, "आपला विश्वास आजूबाजूच्या लोकांना सांगायचा कसा? सुरुवात कुठून करायची? वाद नको, कुणावर दडपणही नको." विचारणारी कधी नव्यानं गावात बदली झालेली शिक्षिका असते, कधी दवाखान्यात काम करणारा मुलगा, तर कधी भाड्याच्या घरात राहणारी सून. मी उत्तर मात्र सगळ्यांना एकच देते: आधी पाणी मागा.

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय उघडा. भर दुपारी येशू दमून विहिरीवर बसलाय आणि शोमरोनी बाई पाणी भरायला आली आहे. यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत. अशा बाईशी त्याचं पहिलं वाक्य उपदेशाचं नाही, प्रार्थनेचंही नाही. तो म्हणतो, मला प्यायला दे. विहीर खोल आहे आणि त्याच्याजवळ पोहरासुद्धा नाही, हे तीच त्याला ऐकवते. पुढचा सगळा संवाद त्या मागण्यातून उगवला.

मराठवाड्यात ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. कुणी कुठल्या पाणवठ्यावर यायचं आणि कुणाच्या हातचं पाणी प्यायचं, याचा हिशेब इथं पिढ्यानपिढ्या ठेवला गेला. पैठणच्या नाथमहाराजांनी रामेश्वराला न्यायची कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली, ही कथा इथल्या लहान पोरालाही ठाऊक असते. ती मान देऊन ऐकावी आणि मान देऊनच सांगावी. शेजाऱ्याच्या घरातली करुणा ज्याला दिसत नाही, त्यानं ख्रिस्ताच्या करुणेबद्दल बोलायची घाई करू नये, असं माझं ठाम मत आहे.

तर काय मागायचं? शिडी, पान्हा, वाटीभर साखर. "अर्धा तास बाळाकडे बघाल का?" "भाकरी थापताना चिरते, पीठ कसं भिजवू?" मागणं खरं असावं, गरज नसताना रचलेलं नको. वस्तू सांगितलेल्या वेळी परत करायची, आणि आलेली वाटी रिकामी पाठवायची नाही. आपल्या मंडळ्यांची सवय उलटी आहे. आपण फक्त द्यायला जातो. डिसेंबरात ब्लँकेटं वाटतो, मागं बॅनर लावतो, घेणाऱ्याचा फोटो काढतो. देणारा नेहमी उंचावर उभा असला की घेणाऱ्याची मान खाली जाते, आणि खाली मान घातलेला माणूस मनातलं बोलत नाही.

याला जोडूनच एक नियम पाळावा. ज्या दिवशी कुणाला पैसे, धान्य किंवा औषध दिलं, त्या दिवशी त्यानं स्वतः विचारल्याशिवाय विश्वासाचा विषय काढायचा नाही आणि चर्चला यायचं आमंत्रण द्यायचं नाही. तुमच्या मनात काहीही नसलं तरी समोरच्याला ती किंमत वाटते. पुढच्या वेळी तो तुमच्याकडे यायला कचरतो किंवा नाइलाजानं हो म्हणतो. मला दुसरं जास्त वाईट वाटतं.

दवाखान्यात गरज उघड्यावर असते. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात किंवा कुठल्याही जिल्हा रुग्णालयात गेलात तर रुग्णापेक्षा आधी नातेवाइकांकडे बघा. खेड्यातून आलेल्या बाईला आंघोळीला जायचं असतं, पण पिशव्यांजवळ बसायला कुणी नसतं. केसपेपर कुठं काढायचा, रक्तपेढी कुठल्या इमारतीत, जनआरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधारच्या झेरॉक्स किती लागतील, एवढं सांगणारा माणूस त्या दिवशी मोठा आधार असतो. थर्मासभर गरम पाणी न्या. ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी न्या, ती संध्याकाळपर्यंत टिकते; भाजीचा रस्सा उन्हाळ्यात दुपारीच आंबतो. रुग्णाला मात्र नर्सला विचारल्याशिवाय घासभरही द्यायचा नाही, कारण ऑपरेशनपूर्वी पोट रिकामं ठेवायला सांगितलेलं असू शकतं.

रुग्णाजवळ दहा मिनिटं पुरेत. त्याला मान वळवावी लागणार नाही असं उभं राहा. याच आजारानं कोण गेलं ते तिथं काढू नका. आपल्याकडे ही खोड फार. प्रार्थना करायची असेल तर रुग्णाला स्वतःला विचारा, आणि असं विचारा की नकार सोपा जाईल: "इथं प्रार्थना केलेली चालेल का, की मी घरी करू?" घरी करा म्हणाला तर आनंदानं मान डोलवा आणि घरी खरंच करा. हो म्हणाला तर आवाज त्याच्या खाटेपुरता ठेवा. वॉर्डात तीस माणसं असतात आणि त्यांनी काही मागितलेलं नाही. एक मिनिट, नाव घेऊन: वेदना कमी व्हावी, डॉक्टरांच्या हाताला यश यावं, रात्री झोप लागावी. न विचारता डोक्यावर हात ठेवू नका. बरं होण्याची हमी तर मुळीच देऊ नका. ती तुमच्या हातात नाही, आणि माणूस गेला तर त्या घराला वाटत राहतं की आपलाच विश्वास कमी पडला. हे ओझं कुणाच्या माथी मारणं पाप आहे.

गोळ्या बंद करा, असं कोणत्याही आजारात म्हणायचं नाही. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्याला उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणं हा गुन्हा आहे. सोयाबीन काढताना साप चावला तर आवळून दोरी बांधू नका, चिरा देऊ नका, तोंडानं विष ओढू नका. चावलेला पाय किंवा हात हलू न देता १०८ ला फोन लावा आणि सरळ रुग्णालय गाठा. प्रार्थना गाडीत होते.

मयत झालेल्या घरी पहिले दिवस गर्दी असते. चूल पेटत नाही म्हणून शेजारपाजार पिठलं-भाकरी आणतो, तुम्हीही न्या. पण स्वर्ग-नरक, देवाची इच्छा, यातलं काही बोलू नका. प्रेषित पौलानं रोमच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलं ते साधं आहे: रडणाऱ्यांबरोबर रडा. तुमची खरी गरज दुसऱ्या महिन्यात लागते, पाहुणे निघून गेल्यावर. शेतकऱ्याच्या विधवेसमोर तेव्हा कागद उभे राहतात. मृत्यूची नोंद २१ दिवसांत झाली का ते आधीच विचारून ठेवलेलं बरं, कारण त्या दाखल्याशिवाय पुढचं काही सरकत नाही. मग वारस नोंदीचा अर्ज, सातबाऱ्यावरचा फेरफार, बँकेतलं पीककर्ज. अर्ज तुम्ही भरा, पण तिला प्रत्येक ओळ वाचून दाखवा आणि समजलं का विचारा. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा घेऊ नका, दुसऱ्या कुणाला घेऊ देऊ नका. मूळ कागद आपल्या घरी आणू नका. झेरॉक्स काढून तिथंच परत द्या.

बीडकडच्या गावांत दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि घरात म्हातारी माणसं उरतात. दिवसाआड डोकावणं, बीपीच्या गोळ्या संपायच्या आत आणणं, कारखान्यावरच्या लेकाला फोन लावून देणं. यावर अधिक लिहायला काही नाही, फक्त ते उन्हाळ्यापर्यंत न चुकता करायचं असतं.

सगळ्यात जास्त विचारलं जातं ते येळवशीचं. लातूर-धाराशिवकडे मार्गशीर्षातल्या अमावास्येला लोक शेतात जेवायला बोलावतात, आणि हा दिवस नाताळाच्या आगेमागेच येतो. जावं का? जावं. पौल करिंथकरांना सांगतो की अविश्वासी माणसानं जेवायला बोलावलं आणि तुम्हाला जायचं असेल, तर पुढ्यात वाढलेलं खा. कडब्याच्या कोपीत पूजा चालू असेल तेव्हा मागं शांत उभं राहा. फोनवर बोलत बांधावर फिरू नका. नैवेद्याबद्दल मात्र ख्रिस्ती माणसांत दोन मतं आहेत आणि पौल तिथंच विवेकाची गोष्टही काढतो. आपला निर्णय घरून करून निघा. समोर हात आल्यावर गडबडू नका. घ्यायचा नसेल तर घरधनिणीला आधीच हळू सांगा, "ताई, मी प्रसाद घेत नाही, राग मानू नका, पण भज्जी आणि आंबील पोटभर खाणार आहे." मग खरंच पोटभर खा, बिंदगीतली आंबील दुसऱ्यांदा मागा. प्रसाद घेऊन झुडपामागं टाकणं हा सगळ्यात वाईट मार्ग. कुणीतरी बघतंच, आणि मग वर्षभर तुमच्या शब्दाला किंमत राहत नाही.

नाताळात तुमच्याकडून ताट जातं तेव्हा त्यांच्या जिभेचा आणि नेमाचा विचार करा. माळकरी घरात अंड्याचा केक चालत नाही, मुसलमान शेजाऱ्याकडे रममध्ये भिजवलेली फळं चालत नाहीत. पाऊण वाटी मनुका रात्रभर जालन्याच्या मोसंबीच्या रसात भिजवा. एक वाटी दह्यात पाऊण वाटी साखर विरघळवून अर्धा चमचा खायचा सोडा आणि सव्वा चमचा बेकिंग पावडर घाला, पाच मिनिटांत फेस येईल. मग अर्धी वाटी तेल आणि दीड वाटी चाळलेला मैदा घालून हलक्या हातानं कालवा. मनुका निथळून, थोड्या मैद्यात घोळवून टाका, नाहीतर तळाशी बसतात. कालवलेलं ठेवून दिलं तर फेस मरतो आणि केक दडस होतो, म्हणून ओव्हन आधीच तापवा. १८० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं. ताट देताना आत काय आहे ते तोंडानं सांगा. एकादशी किंवा मार्गशीर्षातला गुरुवार असेल तर दुसऱ्या दिवशी पाठवा.

असं दोन-चार वर्षं चाललं की एखाद्या दिवशी शेजारची मावशी विचारते, "तुम्ही लोक एवढं का करता गं?" पेत्राच्या पहिल्या पत्रात याच क्षणाची तयारी सांगितली आहे: विचारणाऱ्याला उत्तर द्यायला सिद्ध असा, पण सौम्यतेनं. तीन वाक्यं पुरतात. "मावशी, येशूनं माझ्यावर दया केली, मी काही कमावलेली नव्हती. ती माझ्यापाशीच ठेवून घेणं बरं वाटत नाही. तुम्ही देवाकडे काय मागता?" मग गप्प बसा आणि ऐका. तारण, अभिषेक, साक्ष हे शब्द मंडळीत ठीक आहेत; साक्ष म्हटलं की मावशीला कोर्ट आठवतं. क्षमा, दया, आधार हे शब्द तिचेही आहेत. तिच्या देवाशी तुलना नको, एका शब्दानंही.

"हा धर्म बाहेरचा ना?" असं कुणी विचारलं तर चिडू नका. जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री एकोणिसाव्या शतकातले. नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) ख्रिस्ताची भक्ती अभंगात आणि ओवीत गायली. एवढं सांगा आणि जमत असेल तर एखादं भजन म्हणून दाखवा.

वाचायला मागितलं तरच पुस्तक द्या, आणि सबंध पवित्र शास्त्र एकदम देऊ नका. पहिल्या पानापासून सुरू करणारा माणूस लेवीय या नियमांच्या पुस्तकात अडकतो. मार्कचं शुभवर्तमान द्या. सोळाच अध्याय, दोन बैठकींत होतं. जिथं तुमचा अधिकार चालतो तिथं मात्र देऊ नका: शिक्षकानं वर्गात नाही, साहेबानं हाताखालच्याला नाही, डॉक्टरनं तपासताना नाही. दुसऱ्याच्या लेकरांशी आईबापांच्या माघारी हा विषय काढायचाच नाही. घटनेचं पंचविसावं कलम धर्माचा प्रसार करायचा हक्क देतं, पण दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणणं त्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९७७ मध्ये सांगितलं. कुणाला उपासनेला यावंसं वाटलं तर घरी सांगून या म्हणावं. लपून आलेल्या माणसाच्या घरात भांडण पेटतं आणि त्याची झळ त्यालाच बसते.

आणि बदली होऊन नव्या गावात आलेल्या बाईंसाठी, कारण त्यांचा प्रश्न सगळ्यात तातडीचा असतो: सामान लावायच्या आधी शेजारचं दार वाजवा. नळ कितव्या दिवशी सुटतो आणि किती वेळ चालतो ते विचारा, आणि पाणी येईपर्यंत एक भरलेला हंडा मागून घ्या. परत करताना तो चिंचेनं घासून, भरून द्या.