कोणी नसलेल्या लाटेवर

सर्फिंग करणाऱ्या बहुतेकांचे स्वप्न एकाच साच्यातले असते: विषुववृत्ताजवळचे एखादे बेट, प्रवाळाच्या खडकावर एका लयीत फुटणाऱ्या लाटा आणि पाण्यात दुसरे कोणीही नाही. गर्दीच्या ब्रेकवर, म्हणजे लाटा फुटण्याच्या ठरावीक जागी, एकेका लाटेसाठी झुंबड उडते तेव्हा हे स्वप्न अधिकच हवेहवेसे वाटते. गेल्या हंगामात मला अशा एका ब्रेकवर बरेच दिवस राहता आले आणि तेव्हापासून माझे ठाम मत झाले आहे की रिकामी लाट ही गर्दीतल्या लाटेपेक्षा अवघड असते. गर्दीत इतर लोक आपल्या नकळत आपल्यासाठी जी कामे करत असतात, ती सगळी येथे एकट्याच्या अंगावर पडतात.

लाइनअपमध्ये, म्हणजे लाटेची वाट पाहत थांबण्याच्या जागी, माणसे कोठे बसली आहेत, यावरून लाट कोठे उभी राहते हे कळते. ती एकाएकी वळून खोल समुद्राकडे पॅडल करू (बोर्डवर पालथे पडून हातांनी वल्हवू) लागली, की मोठा सेट, म्हणजे मोठ्या लाटांचा गट, येत आहे हे क्षितिजाकडे न पाहताही समजते. पाण्यात उतरायचे कोठून आणि बाहेर पडायचे कोठून, हेही त्यांच्या मागे मागे जाऊन शिकता येते. निर्जन ब्रेकवर यांपैकी एकही सूचना मिळत नाही आणि चांगली लाट असूनही पाण्यात कोणी का नाही, याचे उत्तरही आपल्यालाच शोधावे लागते. कधी ते उत्तर केवळ अंतर असते, तर कधी ओहोटीला उघडा पडणारा खडक असतो.

म्हणून मी रोज सकाळी बोर्ड किनाऱ्यावर आडवा ठेवून बराच वेळ नुसती पाहत बसे. स्वेलच्या, म्हणजे दूरच्या वादळात उठून लांबवर पसरत आलेल्या, लाटा एकसारख्या येत नाहीत; तीन-चार किंवा सहा-सात मोठ्या लाटांचा सेट येतो आणि मग समुद्र इतका शांत होतो की मघाचे ते सगळे खरे होते का, अशी शंका यावी. ही शांतता दहा मिनिटे टिकते की पंचवीस, हे घड्याळ लावून पाहावे लागते, कारण नवखा माणूस नेमका त्या शांततेत आत शिरतो आणि पुढच्या सेटच्या तोंडी सापडतो.

सेटमधल्या दोन लाटांमधील वेळ मोजणे हे दुसरे काम. तो वेळ 8 सेकंद असेल, तर लाट जवळच्या वाऱ्याने उठवलेली आहे. 14 सेकंद किंवा त्याहून अधिक असेल, तर ती फार लांबून आलेली आहे. शाळेच्या भूगोलात आपण ‘गर्जणारे चाळीस’ वारे शिकलो होतो, ते दक्षिण गोलार्धातील वारे या लाटांचे जनक. तेथील हिवाळी वादळांत उठलेली 14 सेकंदांची स्वेल खोल समुद्रातून ताशी सुमारे 39 किलोमीटर वेगाने सरकते, म्हणजे दिवसाला साडेनऊशे किलोमीटरांच्या आसपास. विषुववृत्तावरच्या बेटापर्यंत पोचायला तिला पाच दिवस किंवा त्याहून अधिक लागतात, आणि तोवर तिला जन्म देणारे वादळ विरूनही गेलेले असते. वॉल्टर मंक या समुद्रशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1963 मध्ये दक्षिण महासागरातील वादळांच्या लाटांचा माग न्यूझीलंडपासून थेट अलास्कापर्यंत काढला होता. वाटेतल्या नोंदी घेण्यासाठी त्यांनी सामोआ, पाल्मायरा आणि हवाई अशा बेटांवर उपकरणे ठेवली होती. स्वच्छ उन्हात, वाऱ्याची झुळूकही नसताना, डोक्याहून उंच लाट येऊन फुटते, याचे नवल त्या प्रयोगाविषयी वाचल्यापासून मला अधिकच वाटू लागले आहे.

लांबच्या लाटेचे आणखी एक वैशिष्ट्य असे, की तिला तळ लवकर जाणवतो. 14 सेकंदांच्या लाटेची खोल पाण्यातली लांबी तीनशे मीटरच्या थोडी वर असते आणि पाण्याची खोली तिच्या निम्म्यावर आली की ती तळाशी जुळवून घेऊ लागते. उथळ बाजूचा भाग मंदावतो, खोल बाजूचा भाग पुढे धावतो, आणि लाट बेटाच्या टोकाला वळसा घालून आडोशाच्या बाजूला शिरते. ही गोष्ट सर्फिंगच्या दृष्टीने फार मोलाची आहे, कारण स्वेलच्या थेट तोंडावर असलेल्या किनाऱ्यावर बहुधा वाराही समुद्राकडूनच येतो आणि लाटेचा चेहरा विस्कटून टाकतो. आडोशाला लाट लहान होऊन पोचते, परंतु वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असल्यामुळे ती ताठ उभी राहते आणि फुटण्याआधी क्षणभर अधिक तग धरते. पहाटेच्या मतलई वाऱ्याचे महत्त्व हेच; ऊन चढल्यावर खारे वारे सुरू झाले की तीच लाट ओळखू येत नाही.

आता खडकाविषयी, कारण बेटावरच्या लाटेचा खरा शिल्पकार तोच आहे. वाळूच्या किनाऱ्यावर तळ पावसाळ्यागणिक बदलतो आणि लाटही त्याबरोबर जागा बदलते. प्रवाळाचा खडक जागेवर असतो, त्यामुळे लाट रोज त्याच ठिकाणी, त्याच कोनात फुटते. प्रवाळाच्या भिंतीला मधे मधे खिंडी असतात. डोंगराळ बेटांवर अशा खिंडी पुष्कळदा नदीच्या मुखासमोर आढळतात, कारण गोड्या आणि गढूळ पाण्यात प्रवाळ नीट वाढत नाही. खिंडीच्या कडेला तळ तिरका उतरत जातो आणि लाट एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे सोलल्यासारखी उलगडते. ताहितीतील तेआहुपो, जेथे 2024 च्या ऑलिंपिकमधील सर्फिंगची स्पर्धा झाली, ही अशाच एका खिंडीच्या कडेची लाट आहे. (ती मी दुरूनच पाहावी अशी लाट आहे, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.)

या खिंडीचा, म्हणजे चॅनलचा, दुहेरी उपयोग असतो आणि दुहेरी धोकाही असतो. लाटा खडकावरून जे पाणी आत लोटतात, ते सारे परत जाण्यासाठी चॅनलच शोधते. म्हणून तेथून बाहेर जाताना फारसे हात मारावे लागत नाहीत, बोर्डवर आडवे पडून राहिले तरी आपण लाइनअपच्या दिशेने सरकतो. परंतु सेट मोठे असतील आणि त्यातच ओहोटी लागली असेल, तर तोच प्रवाह लाइनअपच्याही पलीकडे ओढून नेतो आणि परत येताना त्याच्याशी झुंजणे व्यर्थ ठरते. अशा वेळी आडवे पॅडल करून खडकाच्या बाजूला यायचे आणि लहान लाटेच्या फेसावर पोटावर पडून आत यायचे, हा शहाणपणाचा मार्ग आहे. त्यात ऐट नसते, एवढेच.

भरती-ओहोटीकडे मी सर्वांत जास्त लक्ष दिले. ढोबळ हिशेब असा की लाटेच्या उंचीच्या सुमारे सव्वापट खोली उरली की ती फुटते, म्हणजे दोन मीटरची लाट अडीच मीटर पाण्यात. परंतु खडक उभा चढत आलेला असेल, तर लाटेला मंदावायला वेळच मिळत नाही. ती पुढे झेपावते आणि खडकावरचे पाणीही स्वतःत ओढून घेते. पुनवेच्या किंवा अवसेच्या उधाणात ओहोटीही तितकीच खोल जाते, आणि ज्या जागी सकाळी कंबरभर पाणी होते तेथे दुपारी प्रवाळाची टोके वर आलेली दिसतात. माझ्या ब्रेकवर भरती लागल्यापासून पुढचे दोन-अडीच तास उत्तम होते. पाणी त्याहून वाढले की लाट जाडजूड होई आणि फुटायचे विसरून जाई. जाता जाता एक गमतीची गोष्ट: ताहितीत चंद्राच्या भरतीचा प्रभाव इतका क्षीण आहे की भरती रोज दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपासच येते. तेथील माणसाला भरतीचे कोष्टक पाहण्याची गरज क्वचितच पडत असेल.

लाइनअपमध्ये पोचल्यावर आपण कोठे आहोत, हे पाण्याकडे पाहून कळत नाही. त्यासाठी जमिनीवरच्या खुणा जुळवाव्या लागतात. किनाऱ्यावरचे वाकडे माडाचे झाड मागच्या टेकडीच्या खाचेत बसले आणि उजवीकडचा काळा कातळ टोकाच्या मागे अर्धा झाकला गेला, की मी योग्य जागी आहे असे समजत असे. दोन रेषा छेदतात तो बिंदू. तेथून दहा हात आत सरकले तर लाट डोक्यावर कोसळते आणि दहा हात बाहेर राहिले तर ती खालून निघून जाते. प्रवाह सतत हलवत असल्यामुळे या खुणा दर दोन मिनिटांनी तपासाव्या लागतात. खडकाचा एखादा उंचवटा असेल, तर लाट वर येताना तेथे पाणी उकळल्यासारखे गोल फिरते. ती जागा टाळायची हे मला आधी किनाऱ्यावरून दिसले होते, पण बोर्डवर पोटावर पडून तिच्याकडे पाहिल्यावर पटले.

मग लाट येते. आधी क्षितिजावर एक गडद पट्टी दिसते, नंतर तिच्यामागे दुसरी, आणि दुसरी बहुधा अधिक चांगली असते. पहिली जाऊ द्यायची. दुसरी जवळ आली की बोर्ड वळवून हात मारायचे. शेपटीकडून बोर्ड उचलला जातो, पुढचे पाणी एकाएकी खाली जाते आणि त्या क्षणी नजर खाली वळवण्याचा मोह आवरावा लागतो, कारण नजर जाईल तिकडे शरीर जाते. खाली प्रवाळाचे करडे-पिवळे ठिपके इतके स्पष्ट दिसतात की पाणी आहे की नाही असे वाटावे. उभे राहून, गुडघे दुमडून, बोर्डाची कड लाटेच्या चेहऱ्यात रुतवली की आवाज बदलतो: मागे कोसळण्याचा गडगडाट आणि पायाखाली बोर्डाची बारीक सळसळ. हे सगळे दहा-बारा सेकंदांत संपते, चॅनलमध्ये लाट मऊ होऊन विरते, आणि आपण पुन्हा खुणा शोधू लागतो.

एकटेपणाची मर्यादा मी सुरुवातीपासून आखून घेतली होती. पाण्यात एकटे असलो तरी किनाऱ्यावर कोणाला तरी ठाऊक असलेच पाहिजे की आपण कोठे आहोत आणि केव्हा परतणार आहोत. लीशची, म्हणजे बोर्ड पायाला बांधून ठेवणारी, दोरी आणि तिची गाठ रोज तपासायची. पडायचे तर पसरून, सपाट पडायचे. डोके किंवा पाय खाली करून उडी मारणे म्हणजे खडकाला आमंत्रण. वर येताना हाताने डोके झाकायचे. प्रवाळाने खरचटले तर जखम लहान म्हणून सोडून देऊ नये. आत राहिलेले सूक्ष्म कण धुऊन, घासून काढले नाहीत तर उष्ण कटिबंधातल्या दमट हवेत ती चिघळायला वेळ लागत नाही. आणि दमल्याची पहिली जाणीव झाली की बाहेर पडायचे, कारण ‘शेवटची एक लाट’ ही सर्वांत महाग लाट असते.

अशा जागा शांत कशा राहतात, याचाही विचार या निमित्ताने झाला. मालदीवच्या प्रवाळखडकावर 1973 मध्ये जहाज आदळून अडकलेला टोनी हाइंड हा ऑस्ट्रेलियन तरुण तेथेच राहिला, मालदीवचा नागरिक झाला, टोनी हुसेन हाइंड म्हणून ओळखला जाऊ लागला, आणि वर्षानुवर्षे त्याने तेथील लाटांचा फारसा गवगवा होऊ दिला नाही. फिजीत टावारुआ बेटाजवळच्या क्लाउडब्रेक या लाटेवर बराच काळ एका रिसॉर्टच्या पाहुण्यांचाच हक्क होता. 2010 च्या सरकारी आदेशाने ती सर्वांना खुली झाली. पहिली शांतता मौनाने राखलेली होती, दुसरी पैशाने. मला पहिली अधिक पटते. पण त्याच पाण्यावर वाढलेल्या बेटवासीयांना दोन्हींबद्दल काय वाटत असेल, हा प्रश्न आपण पाहुणे क्वचितच विचारतो. आणि कधी कधी समुद्रतळच निर्णय बदलतो: इंडोनेशियातील नियास बेटाचा खडक मार्च 2005 च्या भूकंपाने वर उचलला गेला आणि लागुंद्रीची प्रसिद्ध लाट पूर्वीपेक्षा उथळ पाण्यात, अधिक पोकळ होऊन फुटू लागली.

मी ज्या ब्रेकविषयी लिहिले, त्याचे नाव या लेखात नाही. उपग्रहाच्या चित्रांवर पांढऱ्या फेसाच्या रेषा शोधून कोणालाही ते सापडू शकेल, आणि ज्याने एवढे कष्ट घेतले त्याने तेथे अवश्य जावे. माझ्याजवळ छायाचित्रेही आहेत, परंतु जाणकार माणूस मागच्या टेकडीच्या आकारावरून बेट ओळखतो. म्हणून ज्यांत जमीन दिसते ती मी काढून टाकली आहेत आणि केवळ पाणी व आकाश असलेली दोन तेवढी येथे देत आहे.