सास्काटून, पितृपक्ष आणि मसूर

१३ सप्टेंबर २०२५, शनिवार

कॅनडात सास्काटूनला, लेकीकडे. पहाटे साडेचारलाच टक्क जाग. म्हणजे लातुरात दुपारचे चार. साडेअकरा तासांचा हा फरक डोक्याला कळतो, पोटाला कळत नाही. भूक अजून मार्केट यार्डाच्या वेळेलाच लागते. लेकीने बजावून ठेवलंय, "बाबा, एकट्याने बाहेर पडायचं नाही." मग उजाडायची वाट बघत बसलो आणि ती उठल्याबरोबर तिला घेऊन नदीवर गेलो.

सहा अंश. स्वेटर आणि वर कानटोपी. इथली पोरं मात्र अर्ध्या चड्डीत धावत होती.

नदीचं नाव साउथ सास्कॅचेवान. रॉकी पर्वतातलं पाणी अल्बर्टाचं सगळं माळरान ओलांडून इथे येतं, पुढे नॉर्थ सास्कॅचेवानला मिळतं आणि शेवटी पार हडसन उपसागरात जातं. शहराच्या वरच्या अंगाला शंभरेक किलोमीटरवर गार्डिनर धरण आहे, १९६७ सालचं, मातीचं. म्हणून पाणी संथ आणि स्वच्छ, मधेमधे वाळूचे पट्टे उघडे पडलेले. मी सवयीने आधी शहराचा नाला कुठे मिळतो ते शोधत होतो. दिसला नाही.

आम्ही जेवढं चाललो तेवढ्यात काठ मोकळाच होता. पाण्याला लागून कुणाचं मंगल कार्यालय नाही, त्याचं लॉन नाही, 'खाजगी मालमत्ता'ची पाटी नाही. लेक म्हणाली, यासाठी १९७९ पासून वेगळी संस्थाच आहे, मीवासिन व्हॅली अथॉरिटी. काठावर काय बांधायचं आणि काय नाही यात तिचा शब्द चालतो. आपल्याकडे अशी संस्था निघाली असती तर तिचं पहिलं काम स्वतःचं ऑफिस नदीकाठी बांधणं हे असतं. असो.

झाडं अजून पुरती पिवळी झालेली नाहीत. ॲस्पेन नावाचं झाड इथे फार. वारा नसतानाही पानं सळसळतात. एक पान तोडून बघितलं. देठ गोल नसून चपटा, म्हणून पान जरा कशाने हलतं. अगदी पिंपळासारखं.

एवढं पाणी बघून २०१६ आठवल्याशिवाय राहत नाही. मांजरा धरण कोरडं, आणि एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे आली होती, पहिल्या खेपेला दहा डबे, पाच लाख लिटर. स्टेशनवर बघायला आम्हीही गेलो होतो, कुणी मंत्री येतोय म्हटल्यावर जावं तसे. हे लेकीला सांगितलं तर म्हणाली, "बाबा, इथे तरी नका ना." गप्प बसलो.

१५ सप्टेंबर, सोमवार

आज पूल बघितले. या गावाला पुलांचं भारी कौतुक. ब्रॉडवे पूल १९३२ चा, कमानींचा, पांढरट सिमेंटचा. जगभर मंदी होती, त्यात या भागात दुष्काळ. लोकांच्या हाताला काम नाही, म्हणून हा पूल बांधायला काढला. आमच्याकडे ७२ च्या दुष्काळात माझी आई खडी फोडायला जायची, येताना सुकडी आणायची. त्या खडीचा रस्ता पुढे कुठे गेला कुणास ठाऊक. यांचा पूल मात्र अजून उभा आहे आणि त्याच्यावरून बस जाते.

दुसऱ्या पुलाची गोष्ट मजेची. १९०८ साली 'सिटी ऑफ मेडिसिन हॅट' नावाची आगबोट नदीतून येत होती, ती नव्या कोऱ्या ट्रॅफिक पुलावर आदळून उलटली. समुद्र इथून शेकडो कोस लांब, आणि गावाच्या इतिहासात जहाज बुडाल्याची नोंद! तो जुना पूल आता नाही, त्याच जागी २०१८ मध्ये नवा झाला.

पुढे रेल्वेपुलाजवळ बंधारा आहे, तिथे पेलिकन. पांढरेशुभ्र, चोच हातभर पिवळी. पाणी जिथून खाली पडतं तिथेच रांगेने बसतात, कारण मासे तिथेच गडबडतात. एकाने मासा धरला, चोचीखालची पिशवी फुगली, आधी त्याने पाणी निथळू दिलं आणि मग मान वर करून गट्ट. आता थोडेच उरलेत, बाकीचे दक्षिणेला गेले. वसंतात पहिला पेलिकन कोणत्या दिवशी येणार यावर इथले लोक अंदाज लावतात, त्याची स्पर्धाही असते. पावशा ओरडला का म्हणून आपण कान देतो, त्यातलाच प्रकार.

१७ सप्टेंबर, बुधवार

मुक्तिसंग्राम दिन. ग्रुपवर झेंड्याचे फोटो आले. जावईबापूंना सांगितलं की १९४७ ला देश स्वतंत्र झाला तेव्हा आम्ही निजामाकडेच होतो, ते आणखी तेरा महिने. ते नाशिकचे. त्यांनी हे शाळेत वाचलं होतं, पण तारीख विसरले होते.

त्यांनी सुट्टी टाकून वानुस्केविनला नेलं. शहराच्या उत्तरेला, एक ओढा नदीला मिळतो तिथे. सहा हजार वर्षांपासून मूळ रहिवासी लोक या जागी येत होते. गोऱ्यांनी जवळजवळ संपवलेले बायसन, म्हणजे इथले केसाळ रानबैल, २०१९ मध्ये इथे परत आणून सोडले. ते जनावर मातीत लोळतं. लोळून लोळून एका जागचं गवत गेलं आणि २०२० मध्ये खालून कोरीव रेघांचा दगड वर आला. मग आणखी दगड सापडले, आणि कोरायचं दगडी हत्यारसुद्धा. पुरातत्त्ववाले तिथे कित्येक वर्षं खणत होते, आणि दगड दाखवला बायसनने. मला हे फार आवडलं.

जावई पोटॅशच्या एका कंपनीत हिशोबाला आहेत. जमिनीखाली एक किलोमीटरवर खाणी. आपल्याकडे उसाला टाकतात तो लाल पोटॅश, त्यातला बराच इथलाच.

२० सप्टेंबर, शनिवार

आजच्या दिवसासाठीच मी आलो, असं म्हटलं तरी चालेल. लेकीच्या हॉस्पिटलातल्या मैत्रिणीचा भाऊ शेती करतो, रोझटाउनच्या बाजूला. तिकडे गेलो होतो.

मी आडत दुकानात मुनीम होतो. कॅनडाचा मसूर, कॅनडाचा वाटाणा यांचे भाव सकाळी शेठजींना वाचून दाखवायचे, हे माझं काम. माल डोळ्यांखालून गेला, देश कधी बघितला नव्हता. आज त्या मालाच्या मालकाच्या दारात होतो.

तो "माझ्याकडे इतके क्वार्टर आहेत" असं सांगत होता. एक क्वार्टर म्हणजे १६० एकर! आमच्या धाकट्या भावाच्या वाट्याला साडेतीन एकर आलेत, त्यातही बांधावरून चुलत्याशी वाद.

मसूर निघून गेला होता, शेजारच्या तुकड्यात गव्हाचं कंबाईन चालू होतं. लेकीने विचारून घेतलं ते असं. पेरणी मे महिन्यात. मसुराचं झाड बुटकं, कापणीला यंत्र अगदी जमिनीला घासून चालवावं लागतं, म्हणून पेरल्यावर रूळ फिरवून रानातले दगड दाबून टाकतात. कापणी ऑगस्टात. १९७० च्या आधी इथे मसूर नावालाच होता. विद्यापीठात १९७१ साली पिकांच्या वाणांचं केंद्र निघालं, तिथे अल स्लिंकर्ड या माणसाने १९७८ मध्ये 'लेअर्ड' हे मोठ्या हिरव्या दाण्याचं वाण दिलं. लाल मसूर त्याच्या मागून वाढला. हे लोक स्वतः मसूर फारसा खातही नाहीत. विकायलाच पिकवतात, आणि मोठं गिऱ्हाईक आपण.

पत्र्याच्या उंच गोल कोठ्या रांगेने उभ्या. त्याने एकीचं खालचं दार सरकवलं आणि मसूर घरंगळला. मी ओंजळ धरली. हे मला कुणी सांगायला नको. तळहातावर पसरला, फुंकर मारली, मातेरं जवळजवळ नाहीच. डागी दाणा एखाददुसरा. वास घेतला. मग एक दाणा दाढेखाली धरून फोडला, कटकन आवाज आला, चेपला नाही. "हवा तेराच्या आसपास," मी म्हटलं. लेकीला कळेना, हवा म्हणजे काय. मी म्हटलं, ओलावा गं, यार्डात आम्ही हवाच म्हणतो. त्याने यंत्र आणलं. तेरा पॉइंट दोन. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला, मग त्यानेही एक दाणा चावून बघितला. त्याचे आजोबा असंच करायचे म्हणे.

हमाल नाही, मापाडी नाही, तोलाई नाही. ट्रक येतो, एलिव्हेटरवर म्हणजे धान्याच्या मोठ्या कोठारावर जातो, तिथून रेल्वेने व्हँकुव्हर बंदर. पण कॉफी घेता घेता माणूस बोलायला लागला तेव्हा यार्डातल्या कट्ट्यावर बसल्यासारखंच वाटलं. पाऊस नको तेव्हा पडतो, खत महाग झालं, भाव पाडतात. मग त्याने २०१७ काढलं. त्या नोव्हेंबरात दिल्लीने पिवळ्या वाटाण्यावर ५० टक्के शुल्क लावलं, पुढच्या महिन्यात मसूर आणि हरभऱ्यावर ३० टक्के. त्याच्या कोठ्या भरलेल्या होत्या. "तुमच्या सरकारने एका रात्रीत केलं," म्हणाला.

मी सांगितलं, त्याच वर्षाच्या सुरुवातीला आमच्याकडे तूर ५,०५० च्या हमीभावाखाली गेली होती आणि खरेदी केंद्रापुढे ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या होत्या. तुझा वाटाणा आला की आमच्या तुरीला, हरभऱ्याला कोण विचारतो? २०२३ च्या डिसेंबरात वाटाण्यावरचं शुल्क काढलं तेव्हा तू खूश झाला असशील, माझा भाऊ शिव्या घालत होता. लेकीने हे सगळं भाषांतर केलं की थोडं गाळलं, देव जाणे. तो मोठ्याने हसला एवढं खरं. निघताना मसुराची पाच किलोची पिशवी दिली. पैसे घेईना.

२१ सप्टेंबर, रविवार

सर्वपित्री. कालची पिशवी तशीच कोपऱ्यात. श्राद्धाला मसूर चालत नाही. हिने खीर, वडे, कढी, गवार, भोपळा, आमसुलाची चटणी केली. अळू मिळालं नाही. केळीचं पान फ्रीजमध्ये गोठवलेलं मिळतं, ते आणलं.

कावळ्याची पंचाईत होती. परवापर्यंत नदीवर कावळे दिसत होते, आज मागच्या अंगणात एकही नाही. घास ठेवून आम्ही काचेआड उभे. पाचेक मिनिटांनी मॅगपाय आला. काळा-पांढरा, लांब शेपूट, उन्हात निळी-हिरवी चमकणारी. ही म्हणाली, "हा चालतो का?" मी म्हटलं, कावळ्याच्याच कुळातला आहे, चुलतभाऊ समज. त्याने खिरीकडे ढुंकून बघितलं नाही. एक वडा खाल्ला, दुसरा चोचीत घेऊन कुंपणापाशी गेला, गवतात खुपसला आणि वरून एक वाळलेलं पान ठेवलं. ही हसून म्हणाली, "मामंजीच आले. तेही उद्याची सोय करूनच उठायचे."

२४ सप्टेंबर, बुधवार

दोन दिवस झोप नाही. गावाकडे पावसाने कहर केलाय. धाराशिव, बीड, लातूर, सोलापूर, जिकडेतिकडे पाणी. धनेगावच्या मांजरा धरणाचे दरवाजे उघडलेत, मांजरा पात्र सोडून रानात शिरलीय. ज्या धरणापायी नऊ वर्षांपूर्वी रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेच धरण. भाऊ फोनवर म्हणाला, "दादा, सोयाबीन काढणीला आलं होतं, शेंगा पाण्याखाली आहेत. कोंब फुटतील." तलाठी कधी येणार, पंचनामा कधी होणार, काही ठिकाण नाही. परवा घट बसवले, पण आरतीत लक्ष नव्हतं.

दुपारी मुद्दाम नदीवर गेलो. पाणी होतं तिथेच, तेवढंच. राग आला, कुणाचा ते कळलं नाही. घरी आलो.

संध्याकाळी त्या शेतकऱ्याचा लेकीला मेसेज. बातम्यांत महाराष्ट्र बघितला, तुझ्या वडिलांचे लोक सुखरूप आहेत ना? आणि खाली आणखी एक ओळ: तिकडच्या डाळीच्या पिकाचं किती नुकसान झालंय?

लेक चिडली. "माणसं बुडतायत आणि याला भावाची पडलीय." मी म्हटलं, चिडू नकोस. त्याने आधी माणसांचं विचारलं. मी तर इतकी वर्षं सकाळी सकाळी शेठजींना एवढंच सांगत आलो, कॅनडात लवकर बर्फ पडलं का, ऑस्ट्रेलियात पाऊस कसा आहे. तिथल्या माणसांचं मी एकदाही विचारलं नाही.

तिच्याकडून उत्तर लिहून घेतलं. माणसं बरी आहेत. सोयाबीन गेलं. तूर उभी आहे, पण बुडाशी पाणी आहे, आठवड्याने कळेल. भावाचं मला विचारू नका, मी रिटायर झालोय.