माउंटवरचा हब: गाइडिंग तुटण्यामागची यूएसबीची नोंद

मार्गशीर्ष अमावास्येच्या आसपास

या मोसमात मृगातल्या तेजोमेघाची दीर्घ एक्स्पोजर घेताना ढगांपेक्षा यूएसबीने जास्त वेळ खाल्ला. म्हणून ही नोंद जरा सविस्तर लिहिते आहे. दुर्बीण, कॅमेरा आणि लॅपटॉप घेऊन शहराबाहेर जाणाऱ्या प्रत्येकाला हे कधी ना कधी भेटतंच.

आधी मांडणी सांगते. दुर्बिणीच्या रिंगांवर पट्ट्याने बांधलेला चार पोर्टचा यूएसबी ३ हब आहे. त्यात फोटो काढणारा मुख्य कॅमेरा, एखाद्या ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची दिशा सुधारणारा गाइड कॅमेरा (यालाच गाइडिंग म्हणतात), दुर्बिणीचा फोकस मोटरने साधणारा फोकसर आणि आकाशासोबत दुर्बीण फिरवणारा माउंट अशी चार साधनं. हबमधून एकच लांब केबल खाली टेबलावरच्या लॅपटॉपपर्यंत येते, म्हणजे दुर्बीण फिरताना केबलींचा गुंता होत नाही. त्रास असा: सुरुवातीला सगळं सुरळीत चालतं. मग गाइडिंगच्या आलेखात खंड पडायला लागतात, विंडोजचा साधन तुटल्याचा आवाज येतो आणि चारही साधनं एकदम गायब. काही सेकंदांत ती परत दिसतात, पण तोवर सॉफ्टवेअरचा माउंटशी संपर्क गेलेला असतो आणि लावून ठेवलेला फोटोंचा क्रम थांबलेला.

शोधाची दिशा ठरवणारा पहिला प्रश्न एवढाच: एक साधन गेलं, की सगळी एकदम गेली? एकच जात असेल तर दोष त्याच्या केबलमध्ये, पोर्टमध्ये किंवा ड्रायव्हरमध्ये शोधायचा. सगळी एकदम जात असतील तर खुद्द हब सोडला तर चौघांना समाईक असलेल्या गोष्टी तीनच आहेत: हबचा वीजपुरवठा, हबपासून लॅपटॉपपर्यंतची केबल आणि लॅपटॉपचा तो पोर्ट. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकत बसण्यात पूर्ण संध्याकाळ जाते, आणि या दुसऱ्या प्रकारात त्याने काहीच साधत नाही.

झाड बघा

डिव्हाइस मॅनेजर उघडून ‘व्ह्यू’ मेनूतून ‘डिव्हायसेस बाय कनेक्शन’ निवडलं, की कोणतं साधन कोणत्या हबखाली आहे याचं झाड दिसतं. लिनक्सवर ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा ‘टी’ पर्यायासह चालवली तर त्या झाडासोबत प्रत्येकाचा वेगही दिसतो. विंडोजवर वेगासाठी ‘यूएसबी ट्री व्ह्यू’ हे मोफत साधन उत्तम आहे.

यूएसबी ३ चा हब या झाडात दोनदा दिसतो, कारण त्याच्या एकाच डबीत खरोखर दोन हब असतात. एक ४८० मेगाबिटचा यूएसबी २ हब आणि दुसरा ५ गिगाबिटचा. दोघांच्या तारा वेगळ्या, रस्ते वेगळे. माझा गाइड कॅमेरा यूएसबी २ चा आहे, त्यामुळे तो पहिल्या रस्त्याने जाणार आणि मुख्य कॅमेरा दुसऱ्या, हे अपेक्षित होतं. झाडात मात्र मुख्य कॅमेराही ४८० मेगाबिटवरच बसलेला दिसला.

इथे गाइडिंगमधल्या खंडांचा उलगडा झाला. केबलमधल्या वेगवान तारांच्या जोड्यांचा दुवा जुळला नाही, तर कॅमेरा कसलीही तक्रार न करता यूएसबी २ वर उतरतो आणि चालत राहतो. २६ मेगापिक्सेलची १६ बिटची एक फ्रेम साधारण ५२ मेगाबाइटची होते. यूएसबी २ वर ती उतरायला सेकंदापेक्षा बराच जास्त वेळ लागतो, आणि तेवढा वेळ गाइड कॅमेऱ्याच्या फ्रेम त्याच रस्त्यावर अडकून पडतात. म्हणून प्रत्येक एक्स्पोजर संपताना आलेखात खंड पडत होता. फ्रेम उतरायला लागणारा वेळ जवळपास सगळी कॅप्चर सॉफ्टवेअर लॉगमध्ये लिहितात. हा आकडा अचानक वाढलेला दिसला तर आधी झाड उघडा.

कारण निघालं लांब केबलच्या हबकडच्या टोकात. कनेक्टर ढिला बसत होता आणि दुर्बीण एका बाजूला झुकली की केबलचं वजन त्यावर येत होतं. आता केबल आखूड, दीड मीटरची घेतली आहे आणि हबपाशी ती वेलक्रोने रिंगला बांधली आहे, म्हणजे ओढ कनेक्टरवर न येता पट्ट्यावर येते. यूएसबी २ साठी ५ मीटरपर्यंतची केबल चालते. यूएसबी ३ ला मात्र साधी केबल ३ मीटरच्या वर नेऊ नये असं माझं ठाम मत आहे. त्याहून लांब न्यायचंच असेल तर अ‍ॅक्टिव्ह केबल, म्हणजे आत सिग्नल सावरणारी चिप असलेली, घ्यावी.

वीज

मुख्य कॅमेरा ५ गिगाबिटवर आला, खंड गेले. पण चारही साधनं एकदम जाण्याचा प्रकार अधूनमधून चालूच राहिला. त्यामुळे मोर्चा विजेकडे वळवला.

यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, यूएसबी ३ चा ९००. हबला स्वतःचा पुरवठा नसेल तर त्या ९०० मध्येच हबची चिप आणि चारही साधनं भागवायची. हिशोब करून बघितला तर दोन कॅमेरे आणि फोकसरची मोटर एकाच वेळी चालू असताना तिथे काही शिल्लकच उरत नाही. कॅमेऱ्याच्या कूलरला १२ व्होल्ट वेगळे मिळतात म्हणून यूएसबीवर त्याचा भार नाही असं धरून चालू नका. सेन्सर आणि इलेक्ट्रॉनिक्सचा भार बहुतेकदा यूएसबीवरच असतो.

तारेची जाडी हा या विषयातला सगळ्यात दुर्लक्षित भाग. २८ गेजच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण ०.२१ ओहम असतो. २ मीटर केबलमध्ये वीज जाऊन परत येते, म्हणजे ४ मीटर तार, म्हणजे जवळपास ०.८५ ओहम. ९०० मिलिअँपिअर वाहिले तर पाऊण व्होल्ट केबलमध्येच संपतो आणि हबपर्यंत ५ पैकी सव्वाचार व्होल्टच्या आसपास पोचतात. २४ गेजच्या तारेत हीच घट ०.३ व्होल्टच्या जवळ येते. केबल घेताना आवरणावर छापलेला गेज वाचा. आकडा लहान तितकी तार जाड. दोन टोकांमध्ये लावायचा छोटा यूएसबी मीटर मिळतो, तो प्रत्येकाच्या पेटीत हवाच. मोजायचं ते हबच्या टोकाला, आणि सगळी साधनं काम करत असताना.

आता ७ ते २४ व्होल्ट थेट घेणारा, धातूच्या डबीतला हब बसवला आहे. त्याला बॅटरीपासून स्वतंत्र तार दिली आहे. ड्यू हीटरच्या, म्हणजे काचेवर दव बसू न देणाऱ्या पट्टीच्या, तारेतूनच हबला जोड देण्याचा मोह होतो, पण हीटर सतत चालू-बंद होत असतो आणि त्याच वेळी माउंट पूर्ण वेगाने फिरला तर त्या समाईक तारेतला व्होल्टेज खाली-वर होतो. हबला तो धक्का बसू द्यायचा नाही. हा बदल केल्यापासून चौघं एकदम गायब झालेली नाहीत.

पौष सुरू

एक शेपूट उरलं होतं: बराच वेळ न हललेला फोकसर एकटाच गायब होणं. इथे मात्र दोष लॅपटॉपच्या वीज वाचवण्याच्या सवयीचा होता. पॉवर ऑप्शन्समध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करा, आणि बॅटरीवर असताना व चार्जरवर असताना अशा दोन्ही ठिकाणी करा. आपण माळावर बॅटरीवरच असतो. शिवाय डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक रूट हब आणि जेनेरिक हबच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’ टॅबमधली, साधन बंद करण्याची परवानगी देणारी खूण काढा. हब दुसऱ्या पोर्टला लावला की विंडोज त्याला नवीन समजतं आणि ती खूण परत येते. त्यामुळे पोर्ट ठरवून घ्या आणि त्यावर रंगीत टेप लावा. कॉम पोर्टचंही, म्हणजे सीरियल जोडणीला विंडोज देतं त्या क्रमांकाचंही, हेच. ज्या सीरियल चिपला स्वतःचा अनुक्रमांक नसतो तिला पोर्ट बदलला की नवा कॉम क्रमांक मिळतो, आणि अंधारात माउंट ‘सापडत नाही’.

जाता जाता: यूएसबी ३ च्या केबलींमधून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट होतो, इंटेलने २०१२ मध्ये यावर लेखच काढला होता. हबशेजारच्या पोर्टात बिनतारी माउसचा डोंगल असेल आणि माउस अडखळत असेल, तर डोंगल दुसऱ्या बाजूच्या पोर्टात लावा.

एक पद्धत सगळ्यांनी उचलावी असं मनापासून वाटतं. चाचणी माळावर करू नका. घरात, झाकण लावून, सगळी साधनं जोडून रात्रभर डार्क फ्रेम (सेन्सरचा स्वतःचा गोंगाट नोंदवणाऱ्या अंधारातल्या फ्रेम) घ्या आणि गाइड कॅमेराही चालू ठेवा. फोकसरला अधूनमधून हलवा. एका रात्री एकच गोष्ट बदला. सकाळी लॉगमध्ये तुटल्याची नोंद सापडली तर दोष हाती लागतो, नाही सापडली तर डार्क फ्रेमचा संच तयार होतो.

आता उरलंय ते मेरिडियन फ्लिपचं, म्हणजे लक्ष्य याम्योत्तर ओलांडताना दुर्बीण माउंटच्या दुसऱ्या बाजूला वळवण्याचं. दुर्बीण पलीकडे वळताना केबल कुठे ताणते ते दिवसाउजेडी हळूहळू फिरवून बघायचं आहे. माउंट आणि फोकसर हे दोघे १२ मेगाबिटचे मंद भिडू आहेत, त्यांना प्रत्येक पोर्टला स्वतंत्र ट्रान्झॅक्शन ट्रान्सलेटर (मंद साधनांचा डेटा वेगवान रस्त्यावर चढवणारा भाग) असलेल्या हबवर काही फरक पडतो का, हेही तपासायचं आहे. असा हब कोणी वापरत असेल तर फ्रेम उतरण्याच्या वेळेसकट आकडे जरूर कळवा.