बाई शेजारी उभ्या राहिल्या

सकाळच्या प्रार्थनेला रोज एकजण स्टेजवर येऊन बायबलमधला उतारा वाचायचा, रोल नंबरप्रमाणे पाळी यायची, आणि माझी पाळी असली की त्या दिवशी माझ्या पोटात दुखायचं. खोटं नाही, खरंच दुखायचं. मी अडखळत बोलतो, तेव्हा तर फारच. 'प' किंवा 'म' समोर आला की ओठ मिटायचे ते उघडायचेच नाहीत.

नववीत मात्र चुकवता आलं नाही. उतारा होता स्तोत्र 23, म्हणजे 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे'. पहिलाच शब्द 'प'चा आणि पुढचे दोन 'म'चे. समोर अख्खी शाळा, मी 'प'वर अडकलो, किती वेळ ते मला माहीत नाही, मागच्या रांगेतून हसण्याचा आवाज आला आणि मी पुस्तक तिथंच टाकून स्टेजवरून उतरलो आणि जो पळालो तो थेट पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसलो. शाळा सोडायची हे तिथंच ठरवलं होतं.

थोड्या वेळानं माझ्या बेंचवरचा मित्र माझं दप्तर घेऊन तिथं आला. काहीच बोलला नाही. शेजारी बसला, भूमितीची वही काढली आणि म्हणाला हे प्रमेय मला कळलं नाही, तू सांग. त्याला भूमिती माझ्यापेक्षा चांगली यायची, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी त्याला सांगितलं, अडखळत अडखळत, आणि तो शेवटपर्यंत ऐकत बसला. एवढंच. पण त्या दिवशी मी वर्गात परत गेलो तो त्याच्यामुळे.

दुसऱ्या दिवशी बाईंनी बोलावलं. आता ओरडणार असं वाटलं होतं. त्यांनी समोर बसवलं आणि मार्काची गोष्ट सांगितली. येशूचा संदेश सांगत फिरणारे पौल आणि बर्णबा पहिल्या प्रवासाला निघाले तेव्हा तरुण मार्क सोबत होता, पण पंफुल्या प्रांतात पोचल्यावर तो त्यांना सोडून परत गेला. कारण बायबलमध्ये दिलेलं नाही. पुढच्या प्रवासाच्या वेळी बर्णबा म्हणाला मार्कालाही घेऊ, पौल म्हणाला जो अर्ध्यातून निघून गेला त्याला नको, आणि त्यावरून दोघांचं इतकं बिनसलं की ते वेगळे झाले. बर्णबा मार्काला घेऊन कुप्र बेटावर गेला. आणि कितीतरी वर्षांनी तोच पौल तुरुंगातून आपल्या साथीदाराला, तीमथ्याला लिहितो, मार्काला सोबत घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे.

मग बाई म्हणाल्या, "सोमवारी तू परत वाचायचंस. पण एकट्यानं नाही. मी शेजारी उभी राहीन, आपण दोघं मिळून वाचू."

सोमवारी त्या खरंच माझ्या खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या. दोघांनी एकदम सुरुवात केली आणि मी एकदाही अडकलो नाही, सहाच्या सहा ओव्या! मला वाटलं चमत्कार झाला. पुष्कळ वर्षांनी स्पीच थेरपिस्टकडून कळलं की दुसऱ्याबरोबर एका सुरात वाचलं की बहुतेकांचं अडखळणं खूप कमी होतं, गातानाही होतं तसंच. बाईंना हे माहीत होतं की नाही, कोण जाणे. मला ते चमत्कारापेक्षा कमी वाटत नाही. बायबलमधल्या मोशेनंही देवाला सांगितलं होतं ना, मी जड जिभेचा आहे म्हणून, तेव्हा देवानं बोलायला त्याच्याबरोबर त्याच्या भावाला, अहरोनाला दिलं.

दहावी संपेपर्यंत बाई माझ्या प्रत्येक पाळीला शेजारी असायच्या. त्यांचा आवाज हळूहळू कमी होत गेला. शेवटच्या वेळी मी वाचता वाचता वळून बघितलं तर त्यांचे नुसते ओठ हलत होते.

बर्णबाचं खरं नाव योसेफ. 'बर्णबा' हे नाव प्रेषितांनी, म्हणजे येशूनं निवडलेल्या शिष्यांनी दिलं, आपल्या मराठी बायबलात त्याचा अर्थ बोधपुत्र असा दिलाय, पण मला विचाराल तर धीर देणारा माणूस. यरुशलेमात पौलावर कुणाचा विश्वास नव्हता तेव्हा त्याला हाताशी धरून प्रेषितांकडे नेणाराही हाच. नव्या करारात पौलाची इतकी पत्रं आहेत आणि बर्णबाच्या नावाचं एकही नाही, याचं मला फार वाटतं.

माझ्यासारखं मूल तुमच्या वर्गात, घरात असेल तर एक सांगतो. त्याचा शब्द तुम्ही पूर्ण करू नका. 'घाबरू नको, सावकाश बोल' हे प्रेमानं म्हटलं तरी टोचतं. त्याच्याकडे बघा आणि थांबा, तो काय सांगतोय ते ऐका, कसं सांगतोय ते नको. पौलानं करिंथकरांना प्रीतीबद्दल लिहिलं तेव्हा सगळ्यात आधी लिहिलं की ती सहनशील आहे, आणि मला ते त्या टाकीमागे भूमितीची वही धरून बसलेल्या मित्रामुळे समजलं.

गेल्या वर्षी बाईंना पॅरालिसिसचा झटका आला आणि वाचा गेली असं कळलं, म्हणून भेटायला गेलो. त्यांना माझं नाव घ्यायचं होतं, येत नव्हतं, डोळ्यांत पाणी आलं. मी थांबलो. बराच वेळ थांबलो. मग म्हटलं, बाई, आपण दोघं मिळून म्हणू, आणि 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' सुरू केलं. दुसऱ्या ओळीला त्यांचा आवाज आला. तुटका होता, पण शब्द बरोबर होते, थेट 'आमेन'पर्यंत.

नंतर त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं. मी शनिवार म्हटलं. तेव्हापासून दर शनिवारी जातो, सध्या स्तोत्र 23 चाललंय, चौथ्या ओवीपर्यंत आलोय.