थडगं सापडलं, पण आमच्या आधी कुणीतरी आत जाऊन आलं होतं

दोन वर्षं झाली या गोष्टीला, अजून डोक्यातून जात नाही म्हणून लिहून काढतेय. मी मूळची लातूरकडची, एमएस्सीनंतर तीन वर्षं बोअरच्या जागा काढायला रेझिस्टिव्हिटीची मशीन घेऊन गावोगाव फिरले, आता इटलीत एट्रुस्कन लोकांची थडगी शोधते. काम बरंचसं तेच, जमिनीत करंट सोडायचा, व्होल्टेज मोजायचं. तिकडे लोक विचारायचे पाणी लागेल का, इकडे विचारतात पोकळी आहे का.

जागा चेर्वेतेरीजवळची, रोमच्या वायव्येला साधारण 40-45 किलोमीटर. रोम मोठं व्हायच्या आधीपासून इथे एट्रुस्कनांचं श्रीमंत शहर होतं आणि त्यांनी मेलेल्या माणसांसाठी शहराबाहेर टफ नावाच्या मऊ ज्वालामुखी दगडात अक्षरशः घरं कोरली, खोल्या, दारं, पलंग, पलंगावर दगडाच्याच उश्या, आणि छताला दगडात कोरलेले वासे. पहिल्यांदा ते वासे बघितले तेव्हा अजिंठ्याचं 19 नंबरचं लेणं आठवलं, तिथेही लाकडी छपराच्या फासळ्या दगडात कोरल्यात, गरज काहीच नसताना, फक्त घर घरासारखं दिसावं म्हणून. बांदिताच्चाची मोठी दफनभूमी 2004 पासून युनेस्कोच्या यादीत आहे, पण आमचं शेत तिच्यापासून लांब. मालकाला ऑलिव्हची झाडं लावायची होती, खड्डे खणायच्या आधी खाली काय आहे ते बघणं भाग होतं.

सप्टेंबर होता, जमीन खडखडीत. इलेक्ट्रोड ठोकले तर कॉन्टॅक्टच येईना, मग प्रत्येकाच्या बुडाशी मिठाचं पाणी ओतत गेलो, लातूरला उन्हाळ्यात हेच करायचो. 48 इलेक्ट्रोड, एकेक मीटरवर. सोबत एक साठीचे सर्व्हेअर होते, त्याच गावचे, मी त्यांना मनातल्या मनात काकाच म्हणते. मॅग्नेटोमीटर, म्हणजे जमिनीतलं चुंबकत्व मोजणारं यंत्र, आधीच फिरवून झाला होता पण टफ स्वतःच चुंबकीय असतो त्यामुळे नकाशा नुसता ठिपक्याठिपक्यांचा. रेझिस्टिव्हिटीत मात्र एका जागी आकडे एकदम वर गेले. हवेतून करंट जात नाही, म्हणजे पोकळी असू शकते.

मग तिथे 20 बाय 20 मीटरचा ग्रिड आखला आणि अर्ध्या अर्ध्या मीटरवर 400 मेगाहर्ट्झची रडार अँटेना ओढली, ही जमिनीत लहर सोडते आणि परत येणारा पडसाद टिपते. सातव्या की आठव्या लाइनला स्क्रीनवर 34 नॅनोसेकंदाला जाड पट्टा आला, पोलॅरिटी उलटी, म्हणजे लहर मातीतून हवेत शिरत असावी. माझे हात थंड पडले, खरंच. तिथल्या कोरड्या मातीत लहर एका नॅनोसेकंदाला साधारण 10 सेंटिमीटर जाते आणि जाऊन परत यायचं म्हणून निम्मं, म्हणजे छत 1.7 मीटरवर. तळाचा पट्टा त्याच्याखाली फक्त 12 नॅनोसेकंदांवर. मातीच्या हिशोबाने खोली 60 सेंटिमीटर उंच निघते, पण हवेत लहर तिप्पट वेगाने पळते, म्हणजे उंची 1.8 मीटर. आत माणूस उभा राहील एवढी खोली, आणि मी तिच्यावर उभी होते.

संध्याकाळी लॅपटॉपवर टाइम स्लाइस काढले, म्हणजे वेगवेगळ्या खोलीवरचे जमिनीचे आडवे काप. चौकोनी खोली स्पष्ट, तिच्याकडे उतरत जाणारी वाटही दिसत होती. फक्त एका कोपऱ्यात छताचा पट्टा तुटलेला, वर पार जमिनीपर्यंत जेमतेम 80 सेंटिमीटर रुंदीचा विस्कटलेला गोल. मला वाटलं झाडाचं मूळ गेलं असेल किंवा छत ढासळलं असेल. काकांनी बघितलं आणि काही बोललेच नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे गेले, टाच दाबली, माती आत गेली. म्हणाले, "तोंबारोली." म्हणजे थडगी फोडणारे चोर. हे लोक लांब लोखंडी सळई जमिनीत खुपसून पोकळी शोधतात आणि रात्रीतून सरळ खाली बीळ पाडतात. आमच्या मशीनने आठवडाभर लावून जे सांगितलं ते त्यांना एका सळईने सांगितलं होतं.

परवानगी यायला वेळ गेला, मग 10 सेंटिमीटरचं भोक पाडून कॅमेरा सोडला. ही पद्धत कार्लो लेरिची या इंजिनिअरने 1950 च्या दशकात इथे आणली, आधी विजेने जमीन तपासायची, मग ड्रिल, मग पेरिस्कोप. 1958 साली तार्क्विनियात ऑलिंपिकच्या खेळांची चित्रं असलेलं थडगं असंच सापडलं, रोम ऑलिंपिकच्या दोन वर्षं आधी. आमच्या स्क्रीनवर आधी धूळ, मग भिंत, मग दोन पलंग. एकाला कोरलेले पाय आणि उशी, दुसऱ्याला दोन्ही टोकांना घराच्या छपरासारखे त्रिकोण. चेर्वेतेरीत पहिला पुरुषाचा असतो, दुसरा बाईचा. म्हणजे जोडपं असावं. पलंग रिकामे, खाली फुटकी खापरं, हाडं बाजूला लोटलेली, आणि बिळाखालच्या मातीच्या ढिगावर निळी प्लास्टिकची बादली. आमच्यापैकी कुणी बराच वेळ बोललं नाही.

राग कशाचा येतो सांगते. इथूनच 1971 साली चोरांनी युफ्रोनियोसने रंगवलेलं ग्रीक भांडं काढलं, न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमने पुढच्याच वर्षी ते 10 लाख डॉलरला घेतलं, 2008 मध्ये ते इटलीला परत आलं आणि आता चेर्वेतेरीच्या म्युझियममध्ये आहे. मी त्याच्यासमोर अर्धा तास उभी होते. इतकं देखणं, पण ते कुणाच्या उशाशी, कशाकशासोबत ठेवलं होतं हे कुणी लिहून ठेवलंच नाही. आमच्या खोलीतून जे गेलं त्याचं तर नावही नाही.

पुढे उत्खनन झालं तेव्हा मी दोन दिवस रजा टाकून गेले. बिळातून पडलेल्या मातीने बाईच्या पलंगाचा पायथा झाकला गेला होता, चोरांनी तो उकरला नव्हता. ती माती चाळताना टकळीला असते तशी भाजलेल्या मातीची एक चकती निघाली, मधे भोक. काकांनी ती माझ्या तळहातावर ठेवली. जेमतेम तीन सेंटिमीटरची, आमच्या एकाही रडारग्रामवर ती नाही, साडेतीन मीटर खाली 400 मेगाहर्ट्झला एवढी वस्तू दिसत नाही.