मिठाला पाणी सुटलं की

बरणीतल्या खडेमिठाला पाणी सुटलं की पाऊस जवळ आला म्हणतात. पावसाच्या सगळ्या ठोकताळ्यांत हा मला जरा भरवशाचा वाटतो, कारण त्यात खरोखर काहीतरी मोजलं जातं. शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांवर गेल्याशिवाय विरघळत नाही. खडेमिठात मात्र मॅग्नेशियम क्लोराइडचा अंश असतो, आणि तो याच्या निम्म्याहून कमी दमटपणातही ओल ओढू लागतो. म्हणून खडे आधी बोटांना चिकटतात, मग एकमेकांना, आणि शेवटी तळाशी पाणी साचतं. पिशवीतलं बारीक मीठ या कामाचं नाही. ते धुऊन शुद्ध केलेलं असतं, वर मोकळं राहावं म्हणून त्यात पूडही घातलेली असते. बरणी शेगडीजवळ असेल तर ती भाताच्या वाफेचा अंदाज सांगते, एवढंच. आणि कोकणात ती वैशाखातही ओली सापडते.

चंद्राला खळं पडलं की पाऊस येतो, असंही म्हणतात. ते बघताना पंजा ताणून हात लांब करावा. अंगठा चंद्रावर ठेवला तर करंगळी जवळपास कड्याला टेकते; ते अंतर 22 अंशांचं. हे खळं उंचावरच्या पातळ ढगातल्या बर्फकणांचं. चंद्राला बिलगलेलं छोटं, रंगीत वलय वेगळं, ते बहुधा पाण्याच्या थेंबांचं. लोक दोन्हींना खळंच म्हणतात, तिथेच घोळ होतो. शिवाय वर ओल आली म्हणजे ती खाली उतरेलच असं नाही.

पंचांगात पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला एक प्राणी वाहन म्हणून दिलेला असतो, आणि त्यावरून पाऊस किती ते सांगतात. या वाहनाचा हिशोब तर आणखी सोपा. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजा, 9 ने भागा; बाकी 3 तर बेडूक, 7 तर म्हैस, शून्य तर हत्ती. भागाकार चोख, फक्त त्यात आभाळाकडे बघायची पायरीच नाही.

राहिला पावशा पक्षी. 'पेरते व्हा' हे शब्द आपण त्याच्या तोंडी घातले. तो विणीच्या हंगामात जोडीदारासाठी ओरडतो, आणि ते पाऊस यायच्या कितीतरी आधी सुरू होतं. त्याचं ऐकून किंवा वळवाच्या एका सरीवर तिफण धरली की दुबार पेरणी ओढवते. कृषी खातं 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होईपर्यंत थांबायला सांगतं. रानात पर्जन्यमापक नसेल तर वीतभर उकरून बघावं. वर चिखल आणि खाली कोरडी ढेकळं लागली, तर बियाणं पोत्यातच राहू द्यावं.