शेपूट

गेल्या महिन्यात दोन आठवडे मी माझ्या उजव्या हाताच्या तर्जनीवर संशय घेत होतो.

झालं असं की, माउसनं फोल्डरवर एकदा क्लिक करावं तर ते थेट उघडायचं. फाइल ओढून दुसरीकडे न्यायला लागलो की अर्ध्या वाटेत सुटून भलत्याच ठिकाणी पडायची. एकदा तर एक खिडकी बंद करायला फुलीवर क्लिक केलं, तर तिच्यामागची अनुवादाची फाइलही मिटायला निघाली. ‘सेव्ह करायचं का’ ही पाटी मध्ये आली म्हणून चौदा पानं बचावली. माझं वय अठ्ठावन्न. वडिलांचा हात शेवटीशेवटी थरथरायचा, चहाची बशी हातात किणकिणत राहायची. रात्री सगळे झोपल्यावर मी टेबललॅम्पसमोर बोट सरळ धरून निरखत बसायचो. घरात अर्थातच कुणाला बोललो नाही.

शेवटी लेकीनंच पकडलं. ‘‘बाबा, तू एवढ्या शिव्या कुणाला घालतोयस?’’ सगळं ऐकून घेतलं आणि सेटिंगमध्ये जाऊन तिनं मुख्य बटण डावीकडचं उजवीकडे केलं. ‘‘आता हेच बोट त्या बटणावर ठेव.’’ तासभर काम केलं. एका क्लिकला एकच क्लिक. बोट निर्दोष सुटलं, बटण सापडलं.

मग पुण्यातली इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची तपकीर गल्ली. तिथल्या एका बोळकंडीवजा दुकानात बसणाऱ्या पोरानं माउस उलटा केला, पोटाखालच्या गुळगुळीत पट्ट्या ब्लेडनं उचकटल्या आणि त्यांच्याखाली दडलेले स्क्रू काढले. इतकी वर्षं हाताखाली असलेल्या वस्तूला पोटात असे स्क्रू आहेत हे मला आत्ता कळलं. आत, बटणाखाली, सुपारीच्या खांडाएवढा एक काळा ठोकळा. तो म्हणजे स्विच. त्याचं झाकण काढून त्यानं मला भिंग दिलं. आत तांब्याच्या जातीची एक पातळशी पट्टी, कमान करून बसवलेली. दाबली की टक्‌कन खाली उडते, सोडली की वर. खरं तर ती दर वेळी टेकताना किंचित उसळतेच, पण त्या काही सहस्रांश सेकंदांतल्या उड्या माउसमधलं सर्किट कानाआड करतं. पट्टी झिजली, टेकायच्या जागेवर काजळी धरली की उसळी लांबते, आणि मग सर्किटला वाटतं, साहेबांनी दोनदा दाबलं.

‘‘काका, एक कोटीचा असतो हा,’’ तो म्हणाला. मी दचकलो. एक कोटी क्लिक! असं आयुष्य बऱ्याच स्विचांवर कंपनीच लिहून देते. गल्लीतून बाहेर पडताना हिशेब केला. दिवसाला पाच हजार धरले तर दोन हजार दिवस, म्हणजे साडेपाच वर्षं. माझा माउस सहाव्यात होता. बिचारा वेळेवर निवृत्त होत होता आणि मी बोटाला दोष देत होतो.

त्यानं जुना स्विच उपटला, नव्याच्या तीन पायांना तीन डाग दिले, दोनशे रुपये घेतले. पण माउस चार दिवसांनी मिळाला आणि दरम्यान मी अगदी तसलाच दुसरा विकत आणला होता. तो पुढे लेकीला दिला. इथून खरा घोळ सुरू झाला.

दोन बिनवायरचे माउस सारखे, त्यांचे संदेश पकडायला संगणकात खोचायचे नखाएवढे डोंगलही सारखे. पण प्रत्येक डोंगल आपापल्या माउसशी कारखान्यातच लग्न लावून आलेला. सफाई करताना कुणीतरी ते काढून ठेवले आणि परत लावताना जोड्या बदलल्या. सकाळी मी माउस हलवतोय, माझा बाण ढिम्म. नेहमीचे उपचार केले. माउस तळहातावर आपटला, सेल काढून उलटसुलट चोळला, रिमोटला करतो तसा जागच्या जागी फिरवला, पोटातल्या भोकात अडकलेला केस फुंकून उडवला. मग वैतागून भराभर क्लिक केले. तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून लेकीची किंकाळी. तिच्या ऑफिसच्या मीटिंगमध्ये तिचा बाण आपोआप पळत होता आणि माझ्या शेवटच्या क्लिकनं ती मीटिंगमधून बाहेर पडली होती.

वायरचा माउस असता तर हे झालंच नसतं. वायर हातात धरून चालत गेलं की ती कुठे पोचते ते दिसतं. अमेरिकी संशोधक डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेतून १९६४ मध्ये जो पहिला माउस घडला, तो लाकडाचा होता, खाली दोन चाकं, वर एक बटण आणि मागे ही वायर. त्या वायरीमुळेच तो उंदरासारखा दिसायचा. शेपूट गेलं, नाव उरलं. आणि बिघाडही शेपटाबरोबर दिसेनासा झाला. आता संशय घ्यायला सगळं घर मोकळं : सेल, डोंगल, वायफाय, स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह, आपलं बोट.

जोड्या जुळवल्या, तरी माझा माउस अडखळायचाच. बाण टुणटुण उड्या मारत जायचा, आणि तोही फक्त संध्याकाळी. संध्याकाळी मी काय करतो? दिवसाच्या कामाची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतो. ती डिस्क लावतो निळ्या यूएसबीत, आणि डोंगल अगदी तिच्या शेजारच्या खाचेत. या वेगवान यूएसबी ३ च्या जोडणीतून जो रेडिओ-कचरा सांडतो, तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास, आणि माझा माउसही त्याच पट्ट्यात बोलतो. संगणकाच्या चिप बनवणाऱ्या इंटेल कंपनीनं २०१२ मध्येच याबद्दल एक टिपण काढलं होतं. लग्नाच्या मांडवात बँडशेजारी बसून कुजबुजण्यातला प्रकार.

उपाय साधा निघाला. डोंगल गोंगाटापासून लांब न्यायचा. दीड हात लांबीची यूएसबीची वायर आणली, तिच्या टोकाला डोंगल खोचला आणि तो माउसपासून वीतभर अंतरावर आणून ठेवला. बाण आता लोण्यातून सुरी फिरावी तसा फिरतो.

काल आई चष्मा शोधत खोलीत आली. टेबलावर नजर टाकून म्हणाली, ‘‘हा बिनवायरचा ना रे? मग ही वायर कसली?’’

‘‘त्याचीच,’’ म्हटलं.

तिनं वायर बोटानं उचलून पाहिली, टोकापर्यंत नजर नेली, आणि चष्मा माझ्या प्रिंटरवर सापडल्यामुळे तो विषय तिथेच राहिला.